लाहोर, लडाख आणि चारशे यार्ड

१८७२च्या भारतीय पुरावा कायद्यातल्या कलम ११ खाली एक उदाहरण होतं. गुन्हा कलकत्त्यात घडला आणि आरोपी त्या दिवशी लाहोरात होता, तर लाहोरची हकिगत न्यायालयाने विचारात घ्यावी. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात त्याचं कलम ९ झालं. कलकत्त्याच्या जागी चेन्नई आली आणि लाहोरच्या जागी लडाख. फाळणीनंतर पाऊणशे वर्षांनी का होईना, कायद्यातून लाहोर गेलं.

खऱ्या खटल्यांत एवढं ऐसपैस अंतर क्वचितच वाट्याला येतं. बिहारच्या मुन्शी प्रसाद खटल्यात बचाव असा होता की, खुनाच्या वेळी आरोपी पंचायतीच्या बैठकीला होता. बैठकीची जागा खुनाच्या ठिकाणापासून चारशे-पाचशे यार्डांवर. एवढ्याशा अंतराला ‘दुसरीकडे होतो’ म्हणता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं.

अशा बचावाला वकील ‘अ‍ॅलिबी’ म्हणतात. प्रत्यक्षदर्शी साक्षीदार आणि अ‍ॅलिबी एकाच वेळी तोलली जातात, ही समजूत खरी नाही. आधी सरकार पक्षाने आरोपीची घटनास्थळावरची हजेरी सिद्ध करायची. ती झाली, तरच अ‍ॅलिबीकडे वळायचं. १९९६च्या बिनय कुमार सिंह निकालात हा क्रम स्पष्ट सांगितला आहे. पण क्रमाने दुसरा येणाऱ्याची परीक्षा अधिक कडक होते. सरकार पक्षाला एकच साक्षीदार पुरतो, तो पूर्ण विश्वासार्ह असला म्हणजे झालं. १९५७च्या वडिवेलू थेवर निकालापासून हे पक्कं आहे. साक्षीदार मृताचा भाऊ वा बायको असला तरी चालतं. जवळचा माणूस खऱ्या मारेकऱ्याला सोडून भलत्याला कशाला गुंतवेल, हा १९५३च्या दलीप सिंह निकालातला युक्तिवाद आजही रोज ऐकू येतो. आरोपीची बायको ‘ते घरी जेवत होते’ म्हणाली, की ती मात्र हितसंबंधी ठरते. निरपराध माणसाच्या साध्या संध्याकाळला घरच्यांखेरीज दुसरा साक्षीदार असतो कुठे?

१९८१च्या दूधनाथ पांडे निकालात सर्वोच्च न्यायालयाने बचावाच्या साक्षीदारांना सरकारी साक्षीदारांइतकंच वजन द्या, असं बजावलं. त्याच निकालात अ‍ॅलिबीची कसोटी मात्र अशी सांगितली की, आरोपीचं तिथे असणं शारीरिकदृष्ट्या अशक्य ठरलं पाहिजे. त्या आरोपीचे साक्षीदार त्याच्याच कारखान्यातले होते. त्यांचं म्हणणं खरं धरलं तरी तो घटनास्थळी असूच शकत नव्हता असं ठरत नाही, म्हणून दोषसिद्धी कायम राहिली. खुद्द कलम ९मधल्या उदाहरणाचा पुढचा भाग वाचा. आरोपी इतका दूर होता की गुन्हा त्याच्या हातून घडणं ‘अशक्य नाही, पण फारच असंभाव्य’ आहे, तर तेही ग्राह्य आहे. कायदा ज्याची दखल घ्यायला तयार आहे, त्याहून बरंच जास्त न्यायालयं मागतात. मला हे खटकतं.

याची किंमत काय असते, ते ग्लासगोच्या ऑस्कर स्लेटरने दाखवून दिलं. २१ डिसेंबर १९०८च्या संध्याकाळी मॅरियन गिलख्रिस्ट या ८२ वर्षांच्या बाईंचा राहत्या घरात खून झाला. मोलकरीण वर्तमानपत्र आणायला दहा मिनिटं बाहेर गेली होती. स्लेटर जवळच्याच रस्त्यावर राहायचा. जुगारी, परदेशी, ज्यू, नाव बदलून अमेरिकेला निघालेला. संशयाला आणखी काय लागतं! ज्या हिऱ्याच्या ब्रूचवरून त्याच्यावर संशय आला, तो त्याने खुनाच्या आधीच गहाण टाकला होता, हे कळूनही पोलीस मागे हटले नाहीत. साक्षीदारांना न्यूयॉर्कला नेलं, आधी त्याचा फोटो दाखवला आणि मग ओळखायला सांगितलं. सात वाजता तो घरी जेवत होता, असं त्याची सहचरी आणि त्यांची मोलकरीण दोघींनी सांगितलं. १५ जणांच्या ज्यूरीपैकी ९ जणांनी त्याला दोषी ठरवलं. फाशी दोन दिवसांवर आली असताना जन्मठेप झाली. आर्थर कॉनन डॉइल त्याच्यासाठी लढले. १९२७ अखेर तो सुटला आणि १९२८मध्ये शिक्षा रद्द झाली. तीही जेवणाची साक्ष पटली म्हणून नव्हे. त्याच्या चारित्र्याबद्दल न्यायाधीशांनी ज्यूरीला चुकीचं सांगितलं, एवढ्याच कारणाने.

डोळ्यांवरचा विश्वास आपल्याकडेही डळमळतो, पण तो स्मरणशक्तीच्या अंगाने. २००६च्या मुंबई लोकल बॉम्बस्फोट खटल्यात २१ जुलै २०२५ रोजी उच्च न्यायालयाने सर्व १२ जणांची दोषसिद्धी रद्द केली. शंभराहून अधिक दिवस गप्प राहिलेल्या टॅक्सीचालकांना आरोपींचे चेहरे इतके नेमके कसे आठवले, हा त्यातला एक प्रश्न होता. हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरू नये, असं सर्वोच्च न्यायालयाने तीनच दिवसांत सांगितलं.

आता यंत्रं साक्षीला येतात. मोबाइल टॉवर फोन कुठे होता ते सांगतो. तो कोणाच्या खिशात होता, ते सांगत नाही. अशा पुराव्याबद्दलचा एक महत्त्वाचा निकाल आला तो जालन्याच्या निवडणूक वादातून. २०१४मध्ये अर्जुन खोतकरांचा उमेदवारी अर्ज दुपारी तीनच्या आत पोचला की नाही, हे निवडणूक अधिकाऱ्याच्या दालनातल्या कॅमेऱ्याच्या चित्रीकरणावरून ठरवायचं होतं. सर्वोच्च न्यायालयाने २०२०च्या त्या निकालात मोबाइल कंपन्यांनाही एक आदेश दिला. तपासात एखादा कॉल रेकॉर्ड जप्त झाला, तर त्या काळातल्या नोंदी वेगळ्या, सुरक्षित ठेवाव्यात, म्हणजे बचाव पक्षाला त्या मागवता येतील. पण सुरुवात जप्तीपासून. आरोपी दुसरीकडे होता असं दाखवणारी नोंद तपास अधिकाऱ्याने मागवलीच नाही, तर ती जपून ठेवण्याचं बंधन या आदेशाने कंपनीवर येत नाही.