दिसणे, बघणे आणि इंग्रजीतले ‘सी’

साताऱ्यात मान वर केली की अजिंक्यतारा किल्ला दिसतो. तो दिसावा म्हणून काही करावे लागत नाही. इंग्रजीतले ‘सी’ हे क्रियापद मुळात या आपोआप दिसण्याचे आहे. मुद्दाम नजर वळवली तर ‘लुक ॲट’. हलत्या, बदलत्या गोष्टीवर नजर ठेवली तर ‘वॉच’. सांगलीकर पावसाळ्यात आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी बघत राहतात, ते ‘वॉच’.

मराठीत ‘मला किल्ला दिसतो’ या वाक्यात कर्ता किल्ला असतो. म्हणूनच ‘किल्ले दिसतात’ असे क्रियापद बदलते. इंग्रजीत मात्र कर्ता पाहणारा माणूस. शिकणाऱ्याचा घोळ बहुधा इथेच होतो. शिवाय ‘दिसतो आहे’ म्हणून ‘आय ॲम सीइंग’ म्हणू नये. त्याचा अर्थ सहसा भेटणे किंवा कुणाशी प्रेमसंबंध असणे असा होतो. दिसण्यासाठी ‘आय सी’ किंवा ‘आय कॅन सी’ पुरते.

‘आय सी’ म्हणजे ‘अच्छा, समजलं’ असेही. मिरजेला डॉक्टरांना दाखवायचे तर ‘सी अ डॉक्टर’. एसटी स्टँडवर पाहुण्यांना निरोप द्यायचा तर ‘सी ऑफ’. पण ‘हे कंदी पेढे खाऊन बघा’ यातल्या ‘बघा’ला ‘सी’ चालत नाही, तिथे ‘ट्राय’ हवे.

म्हणून ‘सी’चा एकच अर्थ पाठ करू नका; आधी मराठीत विचारा, दिसले, बघितले, भेटले की समजले?