शेळीचे गणित: कागदावरचे आणि गोठ्यातले

“दहा शेळ्या आणि एक बोकड घ्या, वर्षाला चाळीस करडे विका.” कोरडवाहू गावात पारावर बसले की हे गणित कुणी ना कुणी छातीठोकपणे मांडतोच. त्यातली बेरीज बरोबर असते, गृहीतके मात्र चुकलेली असतात.

गैरसमज : शेळी वर्षातून दोनदा विते आणि दर वेळी जुळी देते.

वस्तुस्थिती : गाभणकाळ सुमारे १५० दिवसांचा, त्यामुळे कागदावर वर्षाला दोन वेते बसतात. पण व्यायलेल्या शेळीला करडे पाजायची असतात, झीज भरून काढायची असते. म्हणून दोन-तीन महिन्यांनी भरवणेच शहाणपणाचे. दोन वेतांत आठ महिन्यांचे अंतर, म्हणजे दोन वर्षांत तीन वेते. तेही माज वेळेवर ओळखला तरच! माज साधारण २१ दिवसांनी पुन्हा येतो; एक हुकला की तीन आठवड्यांचा चारा फुकट गेला. उस्मानाबादी शेळी जुळ्यांसाठी नावाजलेली आहे खरी, पण पहिलारू शेळी बहुधा एकच करडू देते.

गैरसमज : जात जितकी मोठी तितका नफा मोठा.

वस्तुस्थिती : आफ्रिकन बोअर, यमुना-चंबळच्या खोऱ्यातली जमनापारी, राजस्थानची सिरोही ही जनावरे देखणी आणि वजनदार असतात. पण मोठ्या अंगाला खुराकही तसाच लागतो आणि नवे हवामान सोसताना करडे दगावण्याचा धोका असतो. मराठवाड्यात उस्मानाबादी, नगर-नाशिककडे संगमनेरी, विदर्भात बेरारी आणि कोकणात कोकण कन्याळ या जाती तिथल्याच पाण्यावर वाढल्या आहेत. पहिला कळप आपल्या भागातल्या जातीचाच असावा. संकराचा प्रयोग करायचाच तर आधी बोकड बदलावा, सगळा कळप नव्हे.

गैरसमज : शेळी काहीही खाते, चाऱ्याचा खर्चच नाही.

वस्तुस्थिती : शेळीइतके नखरेल खाणारे जनावर गोठ्यात दुसरे नसेल. ती शेंडे खुडते, पाला निवडते आणि पायदळी पडलेल्या, लेंड्या लागलेल्या चाऱ्याला तोंड लावत नाही. म्हणून चारा जमिनीवर न टाकता गव्हाणीत द्यावा किंवा टांगावा. बांधावर शेवरी, सुबाभूळ, शेवगा आणि वाफ्यात दशरथ घास असला की हिरव्याची सोय होते; सोबत तूर-हरभऱ्याचे भुसकट हवे. सुबाभूळ एक तृतीयांशापेक्षा जास्त नको, त्यातल्या मायमोसिनमुळे केस गळतात. लग्नाघरचा उरलेला भात किंवा उघडे राहिलेले धान्याचे पोते तर जिवावर बेतते. एकदम भरपूर धान्य खाल्ले की पोटात आम्ल वाढते आणि धडधाकट शेळी दिवसभरात आडवी होते.

गैरसमज : शेळी काटक, तिला रोग होत नाही.

वस्तुस्थिती : ‘पीपीआर’ म्हणजे शेळ्या-मेंढ्यांची बुळकांडी कळपात शिरली की ताप, नाकातोंडातून स्राव आणि जुलाबाने गोठा रिकामा होऊ शकतो. तिची लस करडू तीन-चार महिन्यांचे झाल्यावर देतात आणि संरक्षण सुमारे तीन वर्षे टिकते. आंत्रविषार त्याहून फसवा. पावसाळ्यात कोवळ्या हिरव्यावर तुटून पडलेले, कळपातले सगळ्यात गुटगुटीत करडूच रात्रीत मरते. म्हणून त्याची लस दरवर्षी पावसाळ्याआधी टोचून घ्यावी. जंताचे औषध लेंड्या तपासून, पशुवैद्यकाच्या सल्ल्याने द्यावे. आणि एक बिनखर्चाचे औषध म्हणजे चीक! जन्मल्यावर तासाभरात तो पोटात गेला नाही, तर पुढची औषधे ती उणीव भरून काढत नाहीत.

गैरसमज : भारी शेड बांधल्याशिवाय धंदा होत नाही.

वस्तुस्थिती : मोठ्या शेळीला छपराखाली सुमारे १० चौरस फूट आणि मोकळ्यात त्याच्या दुप्पट जागा पुरते. जमीन कोरडी आणि हवा खेळती असली की कुडाचे छप्परही चालते. कोकणच्या पावसात मात्र फटी ठेवलेला लाकडी माचा उपयोगी पडतो.

गैरसमज : बकरी ईदला बोकड हमखास सोन्याच्या भावाने जातो.

वस्तुस्थिती : कुर्बानीचा बोकड किमान वर्षाचा लागतो. त्यात पाच महिन्यांचा गाभणकाळ मिळवला, तर शेळी ईदच्या सतरा-अठरा महिने आधी भरवावी लागते. शिवाय चांद्र वर्षामुळे ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येते. जुन्या तारखा धरून चालत नाही. उरलेले वर्षभर विक्री खाटकाकडेच होते. तिथे २५ किलोच्या बोकडाचे मटण साधारण ११-१२ किलो निघते. दुकानातला मटणाचा भाव जिवंत वजनाला लावून हिशेब करू नये. व्यापारी पाठीवर हात फिरवून अंदाज सांगतो. आपल्याकडे लटकता काटा असला की बोलणी किलोवर येतात.

आता पारावरचे गणित पुन्हा मांडू. दहा शेळ्यांची वर्षाला पंधरा वेते, निम्मी जुळी धरली तर करडे बावीस. तीन दगावली, दोन चांगल्या पाठी कळपासाठी ठेवल्या, विकायला उरली सतरा. बांधाचा पाला आणि घरचे हात असतील तर सतरातही धंदा चालतो. चाळीस धरून कर्ज काढले, तर हप्ते भरता भरता शेळ्याच विकाव्या लागतात.