बिलाची साखळी

सकाळी ९.४५. स्टँडअप उरकला. जीएसटीचं बिल बनवणारा रुबी क्लास आज नव्याने लिहायचाय. जुन्याच्या इनिशियलाइझला अकरा आर्ग्युमेंट्स, त्यातली निम्मी निल. लहान ऑब्जेक्टला कीवर्ड आर्ग्युमेंट्स पुरतात, तिथे बिल्डर म्हणजे नुसता थाट. पण आमचं बिल एका जागी भरत नाही. ग्राहक एका फाइलीत ठरतो, माल दुसऱ्या, सवलत तिसऱ्या. म्हणून साखळी, शेवटी ‘बिल्ड’.

१०.३०. प्रत्येक मेथडने सेल्फ परत दिला की पुढची कडी जोडता येते. उद्गारचिन्हवाल्या मेथड्स इथे दगा देतात. ‘कॉम्पॅक्ट!’ला काढण्याजोगं काही सापडलं नाही, तर ती ॲरे नव्हे, निल परत करते आणि पुढची कडी नोमेथडएररवर आपटते. टेस्टच्या डेटात हटकून एखादा निल असतो, म्हणून तिथे सगळं हिरवंगार.

१२.००. “सगळं बिल्डमध्येच तपासूया ना?” शेजारच्या ज्युनियरचा प्रश्न. नको. जे एकट्याने चूक आहे, ते तिथल्या तिथे. जीएसटी नंबर १५ अक्षरी नसेल तर त्याच मेथडने आर्ग्युमेंटएरर टाकावा, म्हणजे बॅकट्रेस नेमकी ती ओळ दाखवतो. पण विक्रेता महाराष्ट्रातला, कोड २७, आणि पुरवठा गोव्यात, कोड ३०, तर आयजीएसटी. दोन्ही २७ असतील तर सीजीएसटी आणि एसजीएसटी. ग्राहक एसईझेडमधला असेल तर राज्यातल्या राज्यातही आयजीएसटीच. हे सगळी माहिती हाती आल्यावरच कळतं आणि साखळीत आधी काय येईल याचा भरवसा नाही. ते बिल्डमध्ये, तेही सगळ्या चुका गोळा करून एकदम. अकाउंट्सवाल्यांनी एकेका चुकीसाठी हेलपाटे का घालायचे?

१.३०. डबा. कोडवर बोलायला बंदी.

२.३०. खरी गोम आता. एका मूळ बिल्डरपासून दोन ग्राहकांची बिलं काढायची आहेत. सेल्फच बदलत राहिला, तर पहिल्याचा माल दुसऱ्याच्या बिलात उतरतो. म्हणून सकाळचा सेल्फ रद्द. प्रत्येक मेथड आधी डुप करते, बदल प्रतीत करते आणि प्रतच परत देते. रेल्समधल्या व्हेअर, ऑर्डर, लिमिटही असंच दरवेळी नवी रिलेशन देतात. पण डुप वरवरची असते. मालाच्या ओळींचा ॲरे दोन्ही प्रतींत तोच राहतो. ‘<<’ने ओळ घुसवली की ती दोन्हीकडे दिसते. ‘+’ वापरून नवा ॲरे केला, प्रश्न मिटला.

४.४५. बिल्डमधून आता रुबी ३.२ मध्ये आलेल्या डेटा क्लासचा ऑब्जेक्ट बाहेर पडतो. त्याला सेटर नाहीत, त्यामुळे तपासून झालेल्या बिलाची रक्कम नंतर कुणी बदलू शकत नाही. आतला ॲरे मात्र वेगळा फ्रीझ करावा लागला.

६.१५. रिव्ह्यूत एक हरकत आली: सवलत मालाच्या किमतीपेक्षा जास्त असेल तर? रास्त आहे. हीसुद्धा दोन आकड्यांची गोष्ट, म्हणजे बिल्डमध्ये. टेस्ट आत्ता लिहितो, कोड उद्या.