मोरीमागचा अळू

शहरातल्या रोपवाटिकांत ‘एलिफंट इअर’ म्हणून ऐटीत कुंडीत बसलेलं काळपट, सुपाएवढं पान बघितलं की हसू येतं. हा तर अळू! मुरबाड तालुक्यातल्या धसईकडच्या परसात त्याला कुणी कुंडी देत नाही. मोरीचं सांडपाणी जिथे मुरतं तिथे, कर्दळीच्या सोबतीनं, तो फोफावतो.

जागा मात्र त्याच्या सोयीचीच. पानाला लगटून हवेचा एक सुस्त थर असतो. पान जितकं रुंद, तितका तो जाड. तापलेल्या पानातली उष्णता त्यातून लवकर निघत नाही. मग वाफ सोडूनच गार व्हायचं, म्हणजे पाणी खर्चायचं. सांडपाण्याकाठी त्याची ददात नाही. इयान राइट आणि सहकाऱ्यांनी २०१७ साली ‘सायन्स’मध्ये ७,६७० जातींच्या पानांचा ताळा मांडला, तेव्हा उन्हाइतकीच रात्रीची थंडीही मोठ्या पानांच्या आड येते असं दिसलं. मुरबाडला हिमाची धास्ती नाही. अडतं ते पाण्यावाचून.

तेही मुळाशी हवं, पानावर नको. कर्बवायू हवेपेक्षा पाण्यातून सुमारे दहा हजार पट हळू सरकतो. पान ओलं राहिलं तर त्याचा श्वासच कोंडायचा, वर बुरशी. म्हणून अळवाच्या पानावर मेणाचे, डोळ्यांना न दिसणारे उंचवटे असतात. थेंब त्यांच्या टोकांवर तरंगतो, खाली हवा अडकलेली. पानावर बोट जरा जोरात घासा आणि मग पाणी टाका: घासल्या जागी थेंब पसरतो, शेजारी मात्र पाऱ्यासारखा पळतो. ‘अळवावरचं पाणी’ म्हणणाऱ्यांनी हे नक्कीच निरखलं असणार.

पहाटे पानाच्या टोकाला लोंबणारा थेंब मात्र दवाचा असेलच असं नाही. रात्री मुळं पाणी वर रेटतात, बाष्पीभवन थंडावलेलं असतं. जास्तीचं पाणी टोकाच्या छिद्रांतून गळतं.

माळशेजच्या कड्यांवरच्या चवईला, म्हणजे रानकेळीला, अशी मोरी कुठली? ती पावसाळ्यातच भलीमोठी पानं फेकते आणि कोरड्या दिवसांत नुसता फुगीर बुंधा होऊन खडकाला धरून बसते. आयुष्यात एकदाच फुलते, बिया टाकते आणि संपते. हौसेनं बागेत लावलीत, तर घरच्या केळीसारखी पिलं फुटायची वाट बघू नका.