मौनातले दुखणे

डायलिसिसहून परतलेल्या पतीला पत्नी विचारते, "आज वजन किती उतरले? रक्तदाब किती होता?" पाण्याचे मोजमाप, मिठाचे पथ्य, क्रिएटिनिनचा आकडा यांविषयी घरात सारे काही बोलले जाते. एका प्रश्नाविषयी मात्र दोघेही मौन पाळतात. हळूहळू अंथरुणे वेगळी होतात आणि ‘आता वयच झाले’ अशी मनाची समजूत घातली जाते.

वाचकहो, हा दोष केवळ वयाचा नव्हे आणि प्रेमाचा तर नव्हेच. दीर्घकालीन मूत्रपिंडविकारात पुरुषांना ताठरता न येणे, स्त्रियांना योनिमार्गातील कोरडेपणामुळे वेदना होणे आणि दोघांचीही कामेच्छा मंदावणे, या तक्रारी पुष्कळ रुग्णांत आढळतात.

त्यांची कारणे शरीरातच असतात. मूत्रपिंडांचे कार्य घटले की हिमोग्लोबिन कमी होऊन थकवा येतो. पुरुषांत टेस्टोस्टेरॉन घटते, प्रोलॅक्टिन वाढते. मधुमेह आणि उच्च रक्तदाब यांमुळे रक्तवाहिन्या व मज्जातंतू आधीच दुर्बळ झालेले असतात. रक्तदाबावरील काही औषधांचाही यात वाटा असतो. त्यात मनाची खिन्नता भर घालते.

यांपैकी बऱ्याच कारणांवर उपाय करता येतात. हिमोग्लोबिन सुधारणे, डायलिसिस पुरेसे होते आहे ना हे पाहणे, औषध बदलणे, खिन्नतेवर उपचार करणे, हे सारे डॉक्टरांच्या हाती असते. कोरडेपणासाठी पाण्यावर आधारित वंगण मिळते. मूत्रपिंड प्रत्यारोपणानंतर अनेकांच्या तक्रारी कमी होतात.

संकोचापायी चोरून उपाय करणे मात्र घातक ठरू शकते. छातीतील वेदनेसाठी नायट्रेट वर्गातील गोळी घेणाऱ्याने सिल्डेनाफिल घेतल्यास रक्तदाब एकाएकी धोकादायक पातळीपर्यंत उतरतो. जाहिरातींतील ‘शक्तिवर्धक’ चूर्णांत व भस्मांत जड धातू असू शकतात. ते उरल्यासुरल्या मूत्रपिंडांनाही इजा करतात. रक्तदाबाची गोळीही आपल्या मनाने बंद करू नये.

जवळिकीमुळे हा विकार जोडीदाराला जडत नाही. फिस्टुला असलेल्या हातावर भार येऊ देऊ नये आणि डायलिसिसच्या दिवशी थकवा असेल तर विश्रांती घ्यावी, एवढी काळजी पुरे. शिवाय जवळीक म्हणजे केवळ समागम नव्हे. हातात हात घेऊन बसणे, पाठीवरून मायेने हात फिरवणे हीही जवळीकच.

शुश्रूषा करणाऱ्या मुला-सुनांना एक विनंती: औषधांच्या वेळा सांभाळताना आई-वडिलांचा एकांतही सांभाळा. खोलीचे दार लोटलेले असेल, तर आत जाण्यापूर्वी हाक द्या.

आणि आपण, वाचकहो, पुढच्या तपासणीला जाताना चालू औषधांची यादी बरोबर घ्या. तोंडाने बोलवत नसेल, तर प्रश्न एका चिठ्ठीवर लिहून डॉक्टरांच्या हाती द्या. ही अडचण त्यांना नवी नाही.