पात्र आणि प्रमाण

ताक पितळेच्या भांड्यात ठेवायचे तर भांड्याला आधी कल्हई हवी, हे आमच्या ठाकूरद्वारच्या चाळींतील गृहिणींना कधी शिकवावे लागले नाही. पदार्थाचा धर्म ओळखून पात्र निवडावे, एवढेच त्यातले शास्त्र. तेच मद्याच्या पेल्यालाही लागू आहे. विषय ऐकून काहींच्या भुवया चढतील. पण मद्यपानाची शिफारस करण्यास आम्ही येथे उभे नाही.

शँपेन बाटलीत दुसऱ्यांदा आंबते आणि निघालेला वायू द्रवातच कोंडला जातो. आतला दाब बाहेरच्या हवेच्या सुमारे सहापट असतो. उथळ, पसरट पेल्यात हा वायू लवकर उडतो. उंच, अरुंद पेल्यात टिकतो. ब्रँडीचा जीव सुवासात. म्हणून तिच्या पेल्याचे पोट मोठे आणि तोंड लहान. बर्फ घातलेल्या व्हिस्कीला जाड बुडाचा सरळ पेला पुरतो. ही सारी दूरदेशीची चर्चा नव्हे. शँपेन हे नाव फ्रान्सच्या त्या प्रांताचे. पण त्याच पद्धतीचे मद्य १९८० नंतरच्या दशकात पुणे जिल्ह्यातील नारायणगावी होऊ लागले.

आता मिश्रणे पाहू. साखरेच्या चौकोनी वडीवर बिटर्स या कडू अर्काचे थेंब, थोडी ब्रँडी आणि वरून शँपेन, हे जुने मिश्रण. वडीच्या खडबडीत अंगावरून बुडबुड्यांची माळ उठते. दुसरे ‘फ्रेंच ७५’ : जिन, लिंबाचा रस, साखर आणि शँपेन. नाव पहिल्या महायुद्धातील ७५ मिलिमीटर फ्रेंच तोफेचे. हिशेब केला तर तोफ कळते. पहिल्या मिश्रणात ४२.८ टक्क्यांची ३० मिलिलिटर ब्रँडी घातली, तर तिच्यात सुमारे १३ मिलिलिटर मद्यार्क असतो. १२ टक्क्यांच्या १०० मिलिलिटर शँपेनमध्ये आणखी १२. एका नाजूक पेल्यात दोन पेल्यांचा ऐवज, आणि गोडी त्याची जाणीव होऊ देत नाही.

१९४९ च्या दारूबंदी कायद्यानंतर पिणे संपले नाही. पुष्कळ घरांत ते दाराआड गेले. दाराआड पेला निवडला जात नाही. हाताला येईल तो चहाचा ग्लास, नाहीतर पाण्याचे फुलपात्र. किती ओतले हे ओतणाऱ्यालाही ठाऊक नसते. मोजतात ती घरची बायकामुले.

न पिणे सर्वांत निर्धोक, यात वाद नाही. परंतु जो पिणारच, त्याने योग्य पेला घ्यावा, मापाने भरावा आणि कितवा ते लक्षात ठेवावे. कल्हई भांड्यासाठी नसते; त्यातले ताक पिणाऱ्यांसाठी असते.