मोकळ्या जमिनीचा परवाना

मोटारींना द्रवीभूत पेट्रोलियम वायू, म्हणजे प्रामुख्याने प्रोपेन आणि ब्यूटेन यांचे मिश्रण, पुरविणारे पंप या शतकाच्या आरंभापासून आपल्या शहरांत दिसू लागले. त्यांची छपरे आणि आकडे दाखविणारी यंत्रे सर्वांच्या नजरेत भरतात. परंतु परवाना देताना सरकार जिची सर्वाधिक कसून चौकशी करते, ती टाकीभोवती राखून ठेवलेली रिकामी जमीन मात्र कोणाच्या ध्यानातही येत नाही.

या जमिनीची आवश्यकता वायूच्या स्वभावातूनच उद्भवते. प्रोपेन उणे 42 अंश सेल्सियसला उकळतो. दाबाखाली द्रव करून ठेवलेला तो बाहेर निसटला की त्याचे आकारमान सुमारे 270 पट होते, आणि हवेहून दीडपट जड असल्यामुळे तो पाण्यासारखा उतार धुंडाळीत गटारात, तळघरात, शेजारच्या आवारात शिरतो. हवेत त्याचे प्रमाण शेकडा 2 च्या किंचित वर गेले, तरी एक ठिणगी पुरते. आणि ती ठिणगी पंपावरचीच असेल असा काही नेम नाही.

आपल्याकडे या व्यवहारावर अंमल चालतो तो 1884 च्या स्फोटक कायद्याचा. त्याखालील दाबपात्रांविषयीचे नियम 1981 साली झाले आणि 2016 साली त्यांची जागा नव्या नियमांनी घेतली. 1898 पासून चालत आलेले स्फोटक खाते आज पेट्रोलियम आणि स्फोटके सुरक्षा संघटना या नावाने नागपुरातील मुख्यालयातून हा कारभार पाहते. अर्जदाराने प्रथम नकाशे मंजूर करून घ्यावयाचे आणि जिल्हा दंडाधिकाऱ्यांचा, किंवा आयुक्तालय असलेल्या शहरात पोलीस खात्याचा, ना हरकत दाखला मिळवावयाचा. उभारणीनंतर तपासणी होऊन मगच परवाना हाती पडतो. टाकी जितकी मोठी, तितकी शेजारची इमारत दूर हवी. अर्जदारांना ही दप्तरदिरंगाई वाटते. मला मात्र या क्रमातच शहाणपण दिसते, कारण भिंती उभ्या राहिल्यावर अंतर वाढविता येत नाही.

कॅनडातील टोरोंटो शहराला हे फार महागात पडून कळले. 10 ऑगस्ट 2008 च्या पहाटे तेथील एका प्रोपेन केंद्रात एका टँकरमधून दुसऱ्या टँकरमध्ये वायू भरताना गळती होऊन प्रचंड स्फोट झाला. एक कामगार मृत्युमुखी पडला, एका अग्निशामकाचाही घटनास्थळी अंत झाला, आणि लोकवस्ती अगदी लगत असल्यामुळे हजारो नागरिकांना अंथरुणातून उठून घरे सोडावी लागली. त्यानंतर ऑन्टारिओ प्रांताने तज्ज्ञांची समिती नेमली, आणि धोका कोठवर पोहोचेल याचा हिशेब मांडणारा सुरक्षा आराखडा परवान्यासाठी आवश्यक ठरविला.

आपल्या पंपांवर टाकी बहुधा भूमिगत किंवा मातीच्या ढिगाखाली असते, आणि टँकर रिकामा करताना चाकांना अडण व भूसंपर्काची तार लावावी लागते. ग्राहकाला खटकतो तो निराळाच नियम: घरगुती सिलिंडर पंपावर भरून मिळत नाही. द्रवाला उष्णतेने फुगावयास जागा उरावी म्हणून मोटारीच्या टाकीतली झडप शेकडा 80 भरताच प्रवाह आपोआप तोडते. घरगुती सिलिंडरात अशी झडप नसते. भरण केंद्रात त्याचे वजन करून 14.2 किलो वायूच भरला जातो, आणि पंपावर तो तराजू नसतो.